दुखणे कंबरेत, घाव मूत्रपिंडावर

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या सदरातून मी आपणाशी नेहमी लागण, बेणे, खतांचे हप्ते आणि हुमणी याविषयी बोलत आलो आहे. या खेपेस विषय वेगळा आहे. मी डॉक्टर नाही. शेतीची पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस आहे. तरीही हा विषय घेतला, कारण तो माझ्याच नात्यात घडला, त्यात माझी स्वतःची चूक झाली, आणि तीच चूक आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी होताना मी रोज पाहतो. पुढे जी वैद्यकीय माहिती दिली आहे ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन दिली आहे.

दाजींची कंबर

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, साडेतीन एकर ऊस आणि दोन म्हशी सांभाळणारे शेतकरी. २०१७ सालच्या डिसेंबरात आडसालीची मोठी बांधणी चालू असताना त्यांची कंबर धरली. वय तेव्हा ५८. मी विचारले तर म्हणाले, "काय न्हाई पाव्हणं, वाकून वाकून धरलीया. दोन गोळ्या टाकल्या की हुतंय मोकळं."

गोळ्या कुणी आणून दिल्या? मीच. तालुक्याला मीटिंगला गेलो की दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची दोन-तीन पाकिटे घ्यायची आणि येताना दाजींच्या हातात ठेवायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही. असे आठ महिने चालले. सकाळी एक, संध्याकाळी एक, जास्त काम पडले तर मध्ये आणखी एक.

या आठ महिन्यांत शरीर सांगत होते, पण ऐकणारे आम्ही कुणी नव्हतो. दाजी बांधाच्या अर्ध्यावर बसायला लागले. चेहरा पांढुरका पडला. तहान फार लागायची, शौचाला साफ होईना. दोनदा ताप येऊन छाती भरली. खोकला आला तरी बरगडीत कळ निघायची. आक्का एकदा म्हणाली होती, "अरे, ह्यांनी लघवी केली की मोरीत फेस राहतोय, पाणी वतलं तरी जात न्हाई." मी म्हणालो, "उष्णता असंल, ताक देत जा."

ऑगस्ट २०१८ मध्ये पायावर सूज आली, अन्न समोर आले की उलटी व्हायला लागली आणि लघवी कमी झाली. मग धावपळ. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.९ आणि क्रिएटिनीन ७.८. क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडे नीट चालली तर रक्तात साधारण १ च्या आसपास राहणारा निचऱ्याचा पदार्थ. तो ७.८ म्हणजे चारी तुंबली असेच समजा.

आधी सर्वांनी धरून चालले की गोळ्यांनी मूत्रपिंडे गेली. पण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना हाडांचे दुखणे, इतका कमी हिमोग्लोबिन आणि रक्तातले वाढलेले कॅल्शियम यांचा मेळ वेगळा दिसला. त्यांनी रक्तातील प्रथिनांची खास तपासणी सांगितली, मग कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला. निदान झाले, मल्टिपल मायलोमा. रक्ताचा कर्करोग. कंबरेत दुखत होते ते त्या रोगाने पोखरलेले हाड, आणि मूत्रपिंडे बंद पडली तीही त्याच रोगाने. आमच्या गोळ्यांनी त्यात भर घातली होती.

पिवळ्या उसाला युरिया

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो असताना मला एकच गोष्ट सारखी आठवत होती. ऊस पिवळा पडला की आपले कितीतरी सभासद पहिली गोष्ट करतात ती म्हणजे युरियाची गोणी फोडतात. चार दिवस जरा हिरवेपणा आल्यासारखा वाटतो. पण खाली हुमणी मुळ्या खात असते. बेट हाताने ओढले तर अलगद वर येते, तेव्हा कळते. मी स्वतः शेकडो चर्चासत्रांत सांगितले आहे की, आधी बेट उपटून मूळ बघा, मग खताचा विचार करा. पण घरच्या माणसाचे मूळ मी बघितले नाही. आठ महिने नुसता युरिया टाकत राहिलो.

हा रोग आहे तरी काय

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो तो रक्ताचा कारखाना. तिथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी सर्व तयार होतात. पांढऱ्या पेशींतील एक जात रोगजंतूंशी लढण्यासाठी प्रथिने तयार करते. निरोगी माणसात ही प्रथिने तऱ्हेतऱ्हेची असतात, कारण जंतू तऱ्हेतऱ्हेचे असतात.

मायलोमात या जातीची एकच पेशी बिघडते आणि स्वतःसारख्याच पेशी वाढवत सुटते. त्या सर्व मिळून एकाच प्रकारचे, निरुपयोगी प्रथिन ढिगाने तयार करतात. मगजातली जागा त्यांनी अडवली की तांबड्या पेशी कमी पडतात, म्हणून अशक्तपणा. लढणारी चांगली प्रथिने कमी होतात, म्हणून वरचेवर ताप व छातीचे आजार. हाडे झिजतात, म्हणून दुखणे; आणि हाडातले कॅल्शियम रक्तात उतरते, म्हणून तहान, बद्धकोष्ठ आणि कधी कधी बरळणेसुद्धा.

हा रोग बहुतेक वेळा पन्नाशी-साठीनंतर होतो आणि सुरुवातीस हळू चालतो. रक्ताच्या सर्व कर्करोगांत याचा वाटा साधारण दहावा आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दाजींच्या ताटात जेवू नका असे सांगणारे शहाणे आम्हालाही भेटले, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

लंडनच्या व्यापाऱ्याची लघवी

या रोगाची ओळख पटली ती लघवीवरूनच. १८४५ साली लंडनमध्ये एका किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या वेदना आणि अशक्तपणा होता. त्याला पाहणाऱ्या विल्यम मॅकिंटायर आणि थॉमस वॉटसन या डॉक्टरांनी त्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवला. ती लघवी विचित्र होती. तापवली की साका धरायचा, आणखी उकळली की तो विरघळायचा, निवली की पुन्हा दिसायचा. रस तापवल्यावर मळी वर येते हे आपण कारखान्यात पाहतो, पण उकळल्यावर मळी नाहीशी व्हावी आणि निवल्यावर परत यावी तसा हा प्रकार. बेन्स जोन्स यांनी ओळखले की हे वेगळेच प्रथिन आहे. रोगी जानेवारी १८४६ मध्ये वारला. त्याची हाडे मऊ पडलेली आढळली. त्या प्रथिनाला आजही बेन्स जोन्स प्रथिन म्हणतात. तपासणीच्या पद्धती आता पुष्कळ सुधारल्या, पण लघवीकडे लक्ष द्या हा धडा तोच राहिला.

मूत्रपिंड का बंद पडते : ठिबकचे उदाहरण

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणीला पुढे एक केसाहून बारीक नळी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक सर्व या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढी लघवी होते.

आता आपले ठिबक डोळ्यापुढे आणा. फिल्टर मोठा गाळ अडवतो, पण अगदी बारीक गाळ फिल्टरमधून सुटून लॅटरलमध्ये जातो. तिथे तो शेवाळाच्या चिकट्याशी मिसळतो आणि ड्रीपर चोंदतो. मोटर चालू, पाणी चालू, पण उसाच्या मुळाशी थेंब नाही. मायलोमात हेच घडते. बिघडलेल्या प्रथिनाचे तुकडे इतके बारीक असतात की ते गाळणीतून पार होतात. थोडे असते तर नळ्यांनी पचवले असते. ढिगाने आले की नळीतल्याच एका चिकट प्रथिनाशी त्यांची गाठ पडते, घट्ट बोळे तयार होतात आणि नळ्या बंद होतात. चोंदलेल्या नळ्यांभोवती सूज येते आणि काही नळ्या कायमच्या जातात.

रोग कळतो त्याच वेळी १०० पैकी २० ते ४० रोग्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असतो. या चोंदण्याला जोर देणाऱ्या गोष्टी अशा :

१. अंगातले पाणी कमी होणे. उलट्या, जुलाब, उन्हातले काम, कमी पाणी पिणे.

२. वाढलेले कॅल्शियम.

३. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शने. यांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह कमी होतो.

४. काही तपासण्यांत शिरेतून देतात ते रंगद्रव्य. म्हणून अशी तपासणी करण्यापूर्वी मूत्रपिंडाचा त्रास असल्याचे आधीच सांगावे.

म्हणजे पहा, रोगाने कंबर दुखते, कंबर दुखते म्हणून गोळी घेतो, आणि गोळी रोगाच्याच हाताला बळ देते. हे चक्र तोडायचे असेल तर दुखण्याचे कारण शोधले पाहिजे.

दुसरा सावकाश चालणारा रोग

रक्ताचा आणखी एक संथ कर्करोग असतो, त्याला डॉक्टर सी.एल.एल. म्हणतात. यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढत जातात. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासताना तो सापडतो आणि काही वर्षे नुसती देखरेख पुरते. यात मूत्रपिंड बिघडणे मायलोमाइतके नेहमीचे नाही, पण घडते. कधी त्या पेशी मूत्रपिंडात शिरून बसतात. कधी त्यांच्यामुळे तयार झालेली प्रथिने गाळणीवरच साचून तिला छिद्रे पाडल्यासारखे करतात, मग चांगले प्रथिन लघवीतून वाहून जाते आणि अंगावर सूज येते. कधी पोटातल्या वाढलेल्या गाठी लघवीच्या वाटेवर दाब देतात. औषध सुरू झाल्यावर पेशी एकदम मेल्या तर त्यांचा कचरा मूत्रपिंडावर पडतो, म्हणून त्या वेळी डॉक्टर भरपूर पाणी आणि युरिक ॲसिड कमी करणारे औषध देतात. तेव्हा असा रोग माहीत असलेल्या माणसाने रक्ताबरोबर लघवी आणि क्रिएटिनीन यांचीही वेळोवेळी तपासणी ठेवावी.

उपचाराचे दिवस

दाजींचे डायलिसिस दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. यंत्रात हजारो पोकळ धाग्यांची गाळणी असते. रक्त तिच्यातून फिरवून स्वच्छ करून परत अंगात सोडतात. पण डायलिसिस म्हणजे तुंबलेले पाणी पंपाने काढणे. चारी मोकळी करायची तर गाळ येतो ती जागा बंद करावी लागते. म्हणून बिघडलेल्या पेशी मारणारे औषध त्याच आठवड्यात सुरू केले. बोर्टेझोमिब नावाचे इंजेक्शन आठवड्याला पोटाच्या कातडीखाली, बरोबर डेक्सामेथासोन आणि आणखी एक औषध. बोर्टेझोमिबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. मूत्रपिंड बंद असले तरी ते देता येते, हा त्याचा मोठा फायदा. आता भारतीय कंपन्यांचेही ते मिळते.

त्रास झाला नाही असे नाही. डेक्साच्या दिवशी रात्रभर झोप नाही, साखर वाढायची. तळपायाला मुंग्या यायच्या. पाण्याचाही हिशेब विचित्र. या रोगात मूत्रपिंड चालत असते तर डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणतात. पण डायलिसिसवर लघवी होत नाही म्हणून दाजींना पेल्याने मोजून पाणी. पाटाला बारमाही पाणी असलेला माणूस ओठ ओले करून बसायचा. एक दिवस मला म्हणाले, "पाव्हणं, उसाला जशी पाळी दिली तशी आता मला पाळी देत्यात."

तीन महिन्यांनी लघवी वाढू लागली. डायलिसिस तीनवरून दोनवर, दोनवरून एकवर आणि पाचव्या महिन्यात बंद झाले. क्रिएटिनीन २ च्या आसपास येऊन थांबले. ते १ वर आले नाही आणि येणारही नाही. जेवढ्या नळ्या गेल्या तेवढ्या गेल्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "दोन-तीन महिने आधी आला असता तर डायलिसिसपर्यंत वेळ कदाचित आली नसती." ते कुणावर ठपका ठेवायला म्हणाले नाहीत. पण मी ते विसरलो नाही.

हा रोग मुळापासून जात नाही; पुष्कळ वेळा दबतो, पुन्हा डोके काढतो. दाजींचा २०२२ मध्ये पुन्हा वर आला, औषध बदलले, पुन्हा दबला. खुरपे आता हातात नाही, वजन उचलायचे नाही. ऊस भाच्याकडे आहे. पण तोडीची टोळी आली की दाजी बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि बुडख्याला ऊस ठेवला तर टोळीवाल्याला आवाज देतात.

सभासदांनी काय करावे

प्रत्येक कंबरदुखी म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी लक्षात घ्या. शंभरातल्या बहुतेक सर्वांची कंबर कामानेच दुखते. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण खालीलपैकी काही जोडीला असेल तर थांबू नका :

१. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, चार-सहा आठवड्यांत न थांबणारी किंवा रात्री विश्रांतीतही दुखणारी कंबर, पाठ वा बरगडी.

२. कारण नसताना थकवा, पांढुरका चेहरा, वजन घटणे.

३. फार तहान, बद्धकोष्ठ, मळमळ.

४. वरचेवर ताप, छातीचे आजार.

५. लघवीत न विरणारा फेस, लघवी कमी होणे, पायावर सूज.

पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. मणका दबला असण्याची शक्यता असते.

सुरुवातीच्या तपासण्या साध्या आहेत : हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, ई.एस.आर., क्रिएटिनीन, कॅल्शियम आणि लघवी. एक गोष्ट ध्यानात ठेवा. लघवीत बुडवायची रंगीत काडी मुख्यतः अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पकडते. मायलोमाचे प्रथिन तिला चुकवून जाऊ शकते. म्हणून काडी स्वच्छ आली आणि वरची लक्षणे मात्र आहेत, तर प्रथिनांची खास तपासणी करावी का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

वेदनाशामक गोळी दुकानातून मनाने घेऊ नका, घेतलीच तर रोज चालू ठेवू नका. ज्यावर आत काय आहे ते लिहिलेले नाही अशा पुड्या व भस्मेही नकोत. डॉक्टरकडे जाताना घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्या. आम्ही नेली नव्हती.

फवारणीबद्दल दोन शब्द

दाजींना हा रोग का झाला, याचे उत्तर कुणी देऊ शकत नाही. परंतु शेतकऱ्यांत व फवारणी करणाऱ्यांत रक्ताचे काही कर्करोग थोडे जास्त आढळतात, असे परदेशातील काही अभ्यासांत दिसून आले आहे. आपण हुमणीसाठी वर्षानुवर्षे बी.एच.सी. पावडर उघड्या हाताने फेकली; तिच्यावर १९९७ साली बंदी आली. आज तणनाशके व कीटकनाशके वापरताना हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ एवढे तरी पाळा. फवारणीच्या हाताने तंबाखू मळू नका.

खर्चाचे काय

दाजींचे डायलिसिस आणि औषधाचा मोठा भाग केशरी शिधापत्रिकेवर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो; शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला पहिल्या दिवशीच भेटा. आम्ही आधी खाजगीत पैसे भरले आणि योजनेचे नंतर विचारले. त्यात आक्काचे गंठण गेले. अनेक जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिसची सोय आहे, तिची चौकशी करावी. शेत विकायला काढण्यापूर्वी या दोन दारांवर जाऊन या.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाचे पान पिवळे दिसले तर आपण मला गट ऑफिसात बोलावणे पाठवता, मी मोटारसायकल काढून येतो, आपण दोघे मिळून बेट उपटून पाहतो. घरातले माणूस पिवळे दिसले तर तेवढी तसदी त्याच्यासाठी घ्या, एवढीच विनंती. मी आता तालुक्याला जातो तेव्हा कुणी "साहेब, येताना कंबरेच्या गोळ्या आणा" म्हणाले तर आणत नाही. रागावले तरी चालतील. त्यांना म्हणतो, "चला, माझ्या मागं बसा, रक्त तपासून येऊ."

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.